‘बाई, विकत का नाही?’

‘बाई, एवढं सुरेख विणता, तर विकत का नाही?’ बारशाला बाळंतविडा घेऊन गेले की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनात कौतुक असते, हे मला कळते. तरीही त्याला एकदा सविस्तर उत्तर दिले पाहिजे, कारण तो माझ्या एकटीपुरता नाही. परभणीत, सेलूला, जिंतूरला, गंगाखेडला, ज्या घरात सुया आणि लोकरीचा गुंडा दिसतो तिथे कोणी ना कोणी हेच विचारते. चटकन उत्तर सुचत नाही म्हणून विणणारी बाई ओशाळते. ओशाळावे असे तिने काहीही केलेले नाही.

प्रश्न हिशेबाचा आहे, तेव्हा आधी हिशेबच करू. वर्षाच्या मुलाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घ्या. बॉर्डर बारा नंबरच्या सुयांवर, पुढचे काम दहा नंबरवर. पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, गळपट्टी, शेवटी जोडणी आणि बटणे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर रोज दोन तास बसले तर मला बारा दिवस लागतात. म्हणजे चोवीस तास, आठ तासांचे तीन दिवस. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली होती. त्या दराने तीन दिवसांचे 936 रुपये होतात. यात लोकर धरलेली नाही, बटणे धरलेली नाहीत, हात बसायला गेलेली वर्षे तर नाहीतच. हिवाळा लागला की रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या दुकानांत लहान मुलाचा यंत्रावरचा स्वेटर तीन-चारशेला मिळतो. माझ्या स्वेटरला हजार-बाराशे कोण देईल? कोणी देणार नाही, आणि न देणाऱ्याला मी दोषही देत नाही. मात्र ‘विका’ म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की तो मला रोजगार हमीवरच्या बाईला मिळते त्याहून कमी मजुरीत राबायला सांगतो आहे. आणि हे सगळे स्वावलंबनाच्या नावाखाली चालते.

हात आणि यंत्र यांच्या शर्यतीचा निकाल फार पूर्वी लागला. इंग्लंडात विल्यम ली या माणसाने मोजे विणण्याचे यंत्र उभे केले ते 1589 साली. तेव्हापासून स्वस्ताईत हात यंत्राच्या मागेच राहिला. त्यानंतर चारशेहून अधिक वर्षे गेली, लुधियानात कारखान्यांवर कारखाने झाले, तरी घरोघरच्या सुया थांबल्या नाहीत. थांबल्या नाहीत त्या अर्थी त्या दुसऱ्या कशासाठी तरी चालत असणार. ते दुसरे काय, हे समजून न घेता तराजू पुढे करणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. बचत गटातल्या ज्या बायका गरजेपोटी विणतात आणि विकतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांच्याकडून घेताना घासाघीस करू नये, मागतील तो भाव द्यावा. माझा आक्षेप आहे तो प्रत्येक छंदाला दुकानाची पाटी लावायला निघालेल्या वृत्तीवर. रविवारी सकाळी मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या चाळिशीच्या गृहस्थाला ‘एवढं खेळता, कमवत का नाही?’ असे कोणी विचारत नाही. एकादशीला पेटी वाजवणाऱ्याला विचारत नाही. बाईने दोन तास आपल्या आवडीचे काही केले, की मात्र त्या तासांचा हिशेब मागितला जातो. घरातले, शाळेतले, शेतातले तास आधीच दिलेले असतात. उरलेल्या दोन तासांनीही रोकडा आणावा, असा तो आग्रह असतो.

दुसरा आक्षेप गमतीने घेतला जातो, पण घेतला जातो: परभणीसारख्या उन्हाच्या गावात लोकर कशाला? मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो, हे खरे. आता डिसेंबर-जानेवारीतल्या बातम्या आठवा. राज्यात सर्वांत गार कुठे, या यादीत निफाडच्या बरोबरीने परभणीचे नाव वर्षानुवर्षे येते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत 2018 च्या डिसेंबरअखेर पारा 3 अंशांच्या आसपास उतरला होता. उघडे, सपाट रान, कोरडी हवा, निरभ्र आकाश. दिवसभर तापलेली जमीन रात्री सारी ऊब सोडून देते. त्या पहाटे पाथरी-सोनपेठच्या बाजूला उसाच्या फडात कोपी करून राहिलेल्या ऊसतोड कुटुंबांची लेकरे पाहावीत. कानटोपीची गरज कोणाला, हे मग विचारावे लागत नाही. एका टोपीला दोन रात्री लागतात.

तिसरा आक्षेप माझ्या मैत्रिणींचा, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. त्या म्हणतात, ‘सुई हे बाईला घरात बसवण्याचे साधन होते. तू त्याचे गोडवे का गातेस?’ त्यांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. 1884 साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली तेव्हा मुलींना इंग्रजी-गणित कशाला, त्यांना स्वयंपाक आणि शिवणटिपण शिकवा, असे म्हणणारे मोठमोठे पुढारी होते. त्यानंतरही कित्येक पिढ्या सुई मुलीच्या हाती पुस्तकाऐवजी दिली गेली. आमच्या मराठवाड्यातले रुखवत आठवा. मांडवाच्या एका बाजूला टेबलावर क्रोशाचे रुमाल, मण्यांचे तोरण, लोकरीची बाहुली, विणलेली टेबलपोशी ठेवायची आणि सासरच्या बायकांनी ती उलटसुलट करून बघायची. ती मुलीची परीक्षाच होती. जिचा हात या कामात बसत नसे तिची आई शेजारणीकडून वस्तू करून आणी आणि लेकीच्या नावाने मांडी. त्या टेबलाशी मान खाली घालून उभ्या राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तो अन्याय होता आणि तो संपला याचा मला आनंद आहे.

पण अन्याय नेमका कुठे होता? तो सक्तीत होता, आणि सुईच्या मोबदल्यात पुस्तक काढून घेण्यात होता. त्या दोन गोष्टी वजा केल्या की उरते ती विद्या. चुलीची सक्ती होती म्हणून आपण स्वयंपाकाची विद्या टाकून दिली नाही. पुरुषांनाही शिकवायला घेतली. विणकामाचेही तेच व्हावे. ते बायकांचेच काम आहे ही समजूत तरी कुठे जुनी आहे? युरोपात मोजे विणणाऱ्यांचे संघ पुरुषांचे होते. आपल्याकडे मेंढरांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातणारे धनगर पुरुष होते. माझ्या सातवीतल्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत सुलट-उलट शिकून घेतले आणि वडिलांना मफलर विणला. मध्ये एक टाका सुटला आहे. त्याचे वडील तो मफलर रोज सकाळी गळ्यात घालून दूध आणायला जातात.

विणकाम बाईला घरात कोंडते, हेही पुरते खरे नाही. 1962 साली चीनशी युद्ध झाले तेव्हा देशभरच्या बायकांनी हिमालयातल्या जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणून पाठवले. ज्या माणसाला कधी पाहिले नाही, त्याच्या छातीचा अंदाज बांधून त्यांनी टाके घातले. 31 जानेवारी 2016 रोजी चेन्नईत क्रोशाने विणलेले तुकडे जोडून 11,148.5 चौरस मीटरची चादर झाली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. ती ठिकठिकाणच्या बायकांनी आपापल्या घरी विणलेल्या तुकड्यांची होती. मी स्वतः मराठवाडा एक्स्प्रेसने संभाजीनगरला जाते तेव्हा परभणी सोडले की सुया काढते. मानवत रोड येईपर्यंत समोरची अनोळखी बाई ‘ही कोणती वीण?’ म्हणून विचारते, आणि जालन्यापर्यंत आम्ही एकमेकींच्या लेकी-सुनांपर्यंत पोचलेल्या असतो.

विणकामाची बाजू घेणाऱ्यांचा एक युक्तिवादही मला पटत नाही. ते म्हणतात, विणल्याने मन शांत होते, रक्तदाब उतरतो, म्हणून विणावे. 2013 साली ब्रिटनमधल्या एका व्यवसायोपचार नियतकालिकात जगभरच्या 3,545 विणणाऱ्यांची पाहणी छापून आली. जे वारंवार विणतात त्यांना अधिक शांत आणि आनंदी वाटते, असे त्यांनी स्वतः सांगितले होते. मला ते खोटे वाटत नाही. माझाही अनुभव तोच आहे. पण ही विणणाऱ्यांनीच स्वतःविषयी दिलेली साक्ष आहे, तिच्यावर औषधाची चिठ्ठी लिहू नये. शिवाय ‘पैसे मिळत नाहीत तर निदान तब्येत मिळते’ असे म्हणणे म्हणजे पुन्हा त्याच तराजूत जाऊन बसणे. मला गोळीऐवजी विणायचे नाही.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करते. तो एका शेतकरी शेजाऱ्याने घेतला: ‘बाई, आपण कापसाच्या मुलखातले, अन् तुम्ही विणता ते प्लॅस्टिक.’ बाजारात लोकर म्हणून मिळते त्यातली बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. आमच्या आया तिला कॅशमिलॉन म्हणत आणि अप्रूपाने घेत. धुवायला सोपी, रंगाला पक्की, खिशाला परवडणारी. पण मानवत-सेलूच्या बाजारात कापूस येतो, जिनिंगमध्ये सरकी निघते, 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि ट्रकमध्ये भरून दूर जातात. हाताने विणायचा सुती धागा होऊन त्यातले काही परभणीच्या दुकानात परत येत नाही. इथल्याच मेहबूब बागेतल्या संशोधन केंद्राने ‘परभणी तुराब’ म्हणजे पीए 255 सारखे लांब धाग्याचे देशी वाण दिले. कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाचे महाविद्यालय आहे, गावात ज्याला अजून होम सायन्स म्हणतात, तिथे वस्त्रशास्त्र शिकवले जाते. वाण इथले, शास्त्र इथले आणि विणणारे हातही इथलेच. मग देशी कापसाचा मऊ, चार पदरी, हातविणीचा धागा इथे का होऊ नये? तो झाला तर उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळाचे टोपडेही विणता येईल. हा धागा विकायला काढावा, खुशाल काढावा. मी पहिली गिऱ्हाईक होईन.

आता माझी बाजू. विकत आणलेला स्वेटर ‘एक ते दोन वर्षे’ या मापाचा असतो. विणलेला स्वेटर एका मुलाच्या मापाचा असतो. मागच्या थंडीत माझ्या भाचीला मुलगा झाला. त्याचे डोके जरा मोठे, म्हणून टोपडे चार टाके वाढवून विणले आणि कानाशी क्रोशाने मुक्या खांबांची एक ओळ घातली, म्हणजे कडा काचणार नाही. त्याचे स्वेटर-टोपडे करताना बारा रात्री ते मूल माझ्या डोळ्यांपुढे होते. दुकानात वस्तू निवडायला मला दहा मिनिटे लागली असती, आणि तेवढाच वेळ मी त्याचा विचार केला असता. भेट म्हणून मी स्वेटर देते असे लोकांना वाटते. मी त्या बारा रात्री देते, आणि त्यांचा भाव ठरवला की त्या माझ्या देण्याच्या राहत नाहीत.

शिवाय ही वस्तू संपत नाही. आमच्या लहानपणी स्वेटर आखूड झाला की आई उन्हाळ्यात तो उसवायला घ्यायची. आम्ही धागा ओढायचो, ती खुर्चीच्या पाठीला लडी गुंडाळायची. मग कोमट पाण्यात धुऊन, वाकड्या झालेल्या धाग्याला खाली वजन टांगून वाळवायची. दसऱ्यानंतर त्यात नव्या रंगाची एक लडी मिसळून मोठा स्वेटर सुरू व्हायचा. माझा निळा स्वेटर असा धाकट्या भावाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या स्वेटरात गेला, आणि पुढे त्याच्या मुलीच्या मोज्यांत. यंत्रावरचा स्वेटर कापून शिवलेला असेल तर उसवायला जाल तेव्हा हातात तुकडे येतात. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

आणि चुकण्याचा विचार करा. विणताना मुंढ्याशी एक टाका कमी घटला, आणि ते दहा ओळींनंतर ध्यानात आले, तर दहा ओळी उसवाव्या लागतात. कोणी रागावत नाही, गुण कापत नाही, धागाही वाया जात नाही. मी शाळेत शिकवते. चुकल्यावर मागे जाऊन नीट करता येते आणि त्यात लाज नसते, हे मुलांना फळ्यावर सांगून पटत नाही. भाच्याला मात्र त्या मफलरने पटवले. त्याने तो तीनदा उसवला होता.

म्हणून परभणीकरांना माझी विनंती आहे. बारशात, मुंजीत, वास्तुशांतीला कोणी हाताने विणलेले काही आणले, तर किंमत विचारू नका, दुकानाचे स्वप्न दाखवू नका. विचारायचेच असेल तर ‘मला शिकवाल का?’ असे विचारा. बाईमाणूस असा की पुरुष, सातवीतले असा की साठीतले. माझ्याकडे दहा नंबरच्या सुयांच्या दोन जोड्या जादा आहेत, आणि रात्री साडेनऊनंतर मी घरीच असते.