गोवर अडतो तो दुसऱ्या डोसापाशी

गोवर व रुबेलाचे उच्चाटन करण्यासाठी आपल्या देशाने आधी २०२० साल धरले होते, मग २०२३, आणि त्यानंतर २०२६. तारीख अशी पुढे सरकली की उद्दिष्ट हुकल्याची ओरड होते. मला तारखेचे तितकेसे वाटत नाही. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा २००० सालापर्यंत रोग घालवायचा बेत होता. शेवटचा रुग्ण सापडला तो जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालात. उशीर झाला, पण पोलिओ गेला.

गोवर तसा जाईल का? आता चालले आहे त्या पद्धतीने नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पोलिओचे थेंब कोणीही स्वयंसेवक पाजू शकत होता. गोवराची लस टोचावी लागते, तिथे नर्सबाईच हवी. शिवाय ती एकदा देऊन भागत नाही. नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिलेल्या पहिल्या डोसाने शंभरातली पंच्याऐंशीएक बाळे सुरक्षित होतात. उरलेल्यांची भिस्त सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायच्या दुसऱ्या डोसावर. शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाल्याशिवाय हा रोग हटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिला डोस सुमारे ८८ टक्के बाळांना मिळाला होता; दुसरा मात्र साठ टक्क्यांच्या आसपासच. २०२२ साली मुंबईत गोवंडीला आणि मालेगाव, भिवंडीला साथ आली, मुले दगावली.

दुसरा डोस हुकतो कुठे? आमच्या मराठवाड्यातलेच पाहा. दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या परततात पाडव्याच्या सुमारास. पहिल्या डोसाला गावात असलेले बाळ दुसऱ्याच्या वेळी कारखान्याच्या तळावर, कोपीत असते. कार्ड राहते घरी, पत्र्याच्या पेटीत. गावच्या आशाताईच्या वहीत बाळ 'बाहेरगावी', आणि तळाजवळच्या उपकेंद्राच्या यादीत त्याचे नावच नाही!

दुसरी अडचण बाटलीची. ही लस भुकटीच्या रूपात येते आणि एका बाटलीत अनेक बाळांपुरती असते. द्रावणात मिसळली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. समोर एकच बाळ असले की नर्सबाईंना 'पुढच्या वेळी या' म्हणण्याचा मोह होतो. वास्तविक एका बाळासाठीही बाटली फोडावी असाच नियम आहे. पण वाया गेलेल्या लसीचा हिशेब वरून मागितला जाईल याची धास्ती असते. मजुरी बुडवून आलेली आई पुन्हा येईलच असे नाही.

माझे म्हणणे असे, की हंगाम सुरू होताच प्रत्येक तळावर जाऊन मुकादमाकडूनच टोळीतल्या लहान मुलांची यादी घ्यावी. ज्याला प्रत्येक कोयत्याची उचल तोंडपाठ असते, त्याला मुले ठाऊक नसतील होय? त्या यादीप्रमाणे तिथेच लस टोचावी, आणि बाटली फोडल्याबद्दल नर्सबाईंना कोणी जाब विचारू नये.

ज्यांच्या बाळाचा दुसरा डोस राहिला असेल त्यांनी वय उलटले म्हणून गप्प बसू नये. पाच वर्षांपर्यंत तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कार्ड सापडत नसले तरी बाळाला घेऊन जावे.