सर्जाचा खांदा

आमच्या घरातला शेवटचा बैल गेल्या उन्हाळ्यात विकला. लिंबागणेशच्या शेतात आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो. तात्या (माझे चुलते) त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पण रिकाम्या दावणीकडे बघत बसायचे. म्हणून चुलतभावाने मला काम सांगितलं, "दादा, फोटोवरून सर्जाचं मोठं चित्र काढून दे, ओसरीत लावू. फक्त खांद्यावरचा तो डाग घेऊ नकोस, बरा दिसत नाही."

मी ऐकलं. इथेच चुकलं.

वाटलं होतं, ॲक्रिलिकमध्ये सोपं जाईल. सोपं कसलं! खिलार बैलाला आपण पांढरा म्हणतो, पण ट्यूबमधला पांढरा तसाच फासला तर तो चुना मारलेल्या भिंतीसारखा दिसतो. पोटाखाली निळसर राखाडी, मानेवर धुरकट, कानाच्या आत गुलाबी... शिवाय हा रंग वाळला की थोडा गडद होतो. ओला असताना त्यातलं चिकटद्रव्य दुधाळ असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. म्हणून जरा फिकाच लावायचा. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, रंग ताटलीतच वाळतो! ताटलीत ओला रुमाल, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, वर अधूनमधून पाण्याचा फवारा. तीन रविवार गेले. डोळा जमला, शिंगं जमली, वशिंड जमलं. खांदा अगदी गुळगुळीत.

तात्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बैल झकास हाय. पर कुणाचा म्हनायचा?"

चित्र परत घेऊन आलो.

जू घासून घासून बैलाच्या मानेवर घट्टा पडतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते, तेव्हा हळद-तूप लावून तोच खांदा चोळतात. पोळ्याला झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगं यांत सगळे बैल सारखेच दिसतात. खांदा मात्र ज्याचा त्याचा. ज्या जागेला आपण वर्षातून एकदा हात जोडतो, तीच मी डाग म्हणून पुसून टाकली होती.

पंढरपूरला जन्मलेल्या हुसेन यांचे घोडे जगभर गेले. पण ते कुणा एकाच्या दारातले घोडे नव्हते, त्यात वेग होता, ताकद होती, आणि त्या चित्रांना तेवढं पुरे होतं. ओसरीत लावायच्या चित्राचं तसं नाही. तिथे सुंदर बैल नको असतो, आपला बैल हवा असतो.

भावाचं म्हणणं मला कळतं. घट्टा दाखवायचा म्हणजे आपण त्याला किती राबवलं ते भिंतीवर टांगायचं. पण राबवलंच ना? आमच्या शाळेच्या फिया त्याच खांद्यावरून आल्या. तो गुळगुळीत करून आपला अपराध कमी होत नाही, उलट त्याचं कष्टाचं आयुष्यच पुसलं जातं.

ॲक्रिलिकचा एक मोठेपणा आहे. वाळलेल्या थरावर पुन्हा रंगवता येतं, खालचा रंग उसवून वर येत नाही. काल रात्री बर्न्ट अंबर आणि राखाडी घेऊन घट्टा रंगवला. तासाभराचं काम होतं.

तात्यांना अजून दाखवलेलं नाही. खांदेमळणीच्या दिवशी घेऊन जाईन म्हणतो.