लोखंडाची तपासणी होते, छातीची कधी होणार?



यवत स्टेशनवर गाडीची वाट बघताना एकदा खाली रुळाकडं बघा. सिमेंटच्या प्रत्येक स्लीपरमध्ये ओतीव लोखंडाचे चार इन्सर्ट असतात. रूळ धरणारी क्लिप त्यातच अडकते. मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० स्लीपर धरले, तर इन्सर्ट झाले ६६४०. हे सगळं कुठल्या ना कुठल्या फाउंड्रीत ओतलेलं असतं. आणि रेल्वे हा माल डोळे झाकून घेत नाही. माप बघतात, वजन बघतात, धातूची आतली रचनासुद्धा बघतात. बघायलाच पाहिजे, गाडीत आपलीच माणसं असतात.

आता माझा सवाल. ते इन्सर्ट ओतणाऱ्याची छाती कोण बघतं?

फाउंड्रीत साचा वाळूचा असतो. ओतलेला माल साच्यातनं फोडून काढताना, झटकताना, घासताना त्या वाळूची बारीक धूळ उडते. डोळ्याला न दिसणारी धूळच फुफ्फुसात खोल जाते. त्यातनं होतो सिलिकोसिस. या रोगाला बरं करणारं औषध नाही. वर टीबीचा धोका वाढतो, आणि अनेकदा टीबी समजूनच उपचार चालतात.

काही जण म्हणतील, "राव, पोरांना काम मिळालंय, तुम्ही कशाला बोंब मारता?" अहो, काम बंद करा असं कोण म्हणतंय? काम पाहिजेच. पण धूळ ओढणारी यंत्रणा बसवली, झाडूऐवजी पाणी मारून नाहीतर व्हॅक्यूमनं सफाई केली, तोंडाला रुमालाऐवजी खरा मास्क दिला, तर फाउंड्री बंद पडत नाही.

खरी मेख ठेकेदारीत आहे. हा रोग बहुतेकदा दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. ठेक्यावरचा माणूस आज इथं, उद्या तिथं. खोकला सुरू होतो तेव्हा तो गावाकडं असतो. मग नोंद कुठं होणार, आणि भरपाई कोण देणार? १९४८ च्या कारखाना कायद्यातच सिलिकोसिस सरकारला कळवायच्या आजारांत होता. पण तपासलंच नाही, तर कळवणार काय? राजस्थाननं २०१९ मध्ये या रुग्णांसाठी वेगळं धोरण केलं, मदतीची रक्कम ठरवली. आपण अजून खोकल्याच्या बाटलीवरच आहोत.

ग्रामपंचायत कारखान्याकडनं कर घेते ना? मग येत्या ग्रामसभेत ठराव करा: पट्ट्यातल्या प्रत्येक फाउंड्रीत, ठेक्यावरच्या कामगारांसकट, दरवर्षी छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी. रिपोर्ट कामगाराच्या हातात, ऑफिसच्या कपाटात नाही. ठरावाची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पाठवा आणि पोच घ्या.

लोखंड नापास झालं तर भट्टीत टाकून पुन्हा ओतता येतं. माणसाचं फुफ्फुस पुन्हा ओतता येत नाही.

लाईक नका करू. ग्रामसभेला या आणि हात वर करा.