आंबवण्याचा पहिला धडा

घरी बिअर कशी करावी, असे तरुण वाचक विचारतात. कृती तशी साधी: मोड आणून वाळवलेल्या जवाचे गोड पाणी, हॉप्सची कडू फुले आणि यीस्ट. पण महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, हे आधी सांगायला हवे.

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या मुलखाला आंबवणे नवे नाही. सातपुड्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ती वाळवून, भिजवून, आंबवून भट्टीवर दारू गाळतात. पूजेत, लग्नात तिला मान आहे. पण याच शहादा तालुक्यात १९७०च्या दशकात भिल्ल बायकांनी गुत्त्यांवर चालून जाऊन दारूची मडकी फोडली. घरात मार होता, पोरे उपाशी होती. त्यांचा राग मला आजही रास्त वाटतो.

आंबवण्याचे कसब शिकायचेच, तर आंबिलीपासून सुरुवात करा. ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवा, सकाळी शिजवा. उन्हाळ्यात ते लवकर आंबते. थंडीत चुलीजवळ ठेवावे लागते. भांडे मात्र लख्ख हवे. बिअर करणाऱ्यांचाही पहिला नियम हाच. आंबिलीपासून ढोकळ्यापर्यंतच्या कृती या अंकात दिल्या आहेत.