परिचारिकेला रसायनशास्त्र कशाला?

नात किंवा नातू बी.एस्सी. नर्सिंगला गेला आणि पहिल्या सत्राची जाडजूड पुस्तके घरात आली, की आजी-आजोबांच्या मनात एक शंका हमखास येते. रुग्णाला स्पंजिंग करायचे, वेळेवर गोळ्या द्यायच्या, जखम बांधायची, एवढ्या कामासाठी पेशीतील रासायनिक क्रिया, जंतूंचे वर्गीकरण आणि मूत्रपिंडाची सूक्ष्म रचना शिकण्याची गरज काय? मनात माया आणि हाताला सवय असली म्हणजे पुरे नाही का?

शंका प्रामाणिक आहे, आणि ज्या घरात एखादी वयोवृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळलेली आहे त्या घराने तर तिचे उत्तर अवश्य जाणून घ्यावे. कारण शास्त्राची जोड नसेल तर मायेने केलेली शुश्रूषाही अपाय करू शकते. लाल झालेल्या टाचेला प्रेमाने चोळून मालिश करणारी सून किंवा गिळता येत नाही म्हणून प्रत्येक गोळी कुटून देणारा मुलगा, यांच्या मायेत काहीच उणे नसते. उणे असते ते एका साध्या ‘का’चे उत्तर. परिचर्येच्या अभ्यासक्रमात हा ‘का’च शिकवला जातो.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये या पदवीचा अभ्यासक्रम नव्याने आखला. तो चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा आहे. पहिल्या सत्रात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र व समाजशास्त्र. दुसऱ्यात जीवरसायनशास्त्र आणि आहारशास्त्र. तिसऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्र व संसर्गनियंत्रण, औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र असा क्रम आहे. पुढे प्रौढांच्या परिचर्येबरोबर वृद्धांची परिचर्याही शिकवली जाते. यांतील बहुतेक शास्त्रांच्या नावाआधी ‘उपयोजित’ हे विशेषण जोडलेले आहे. त्यामागील अपेक्षा अशी, की वर्गात शिकलेले प्रत्येक प्रकरण शेवटी रुग्णाच्या खाटेपाशी येऊन पोहोचावे. ते कसे पोहोचते, हे काही उदाहरणांतून पाहू.

शरीररचनाशास्त्रात विद्यार्थी हाडांची नावे पाठ करतात. पण त्याचबरोबर कोणत्या हाडावर मांसाचे आवरण पातळ आहे, हेही शिकतात. माकडहाडाचा भाग, टाचा, घोटे, कंबरेच्या दोन्ही बाजू, खांद्याची पाती आणि डोक्याचा मागचा भाग ही ती ठिकाणे. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला, की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाब फार थोडा असतो. पाठ्यपुस्तकांत तो सुमारे ३२ मिलिमीटर पारा असा सांगतात. बाहेरचा दाब त्याहून अधिक झाला आणि बराच काळ टिकला, तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो व ऊती मरू लागतात. यालाच आपण शय्याव्रण म्हणतो. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा प्रघात या हिशेबातून आला आहे. लाल डागावर बोट हलके दाबून उचलावे. कातडी क्षणभर फिकट होऊन पुन्हा लाल झाली, तर रक्ताभिसरण चालू आहे. लाली हटलीच नाही, तर शय्याव्रणाची ती पहिली पायरी समजावी. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे आसपासच्या त्वचेपेक्षा तो भाग गरम, कडक किंवा दुखरा लागतो का, हे हाताने पाहावे. अशा जागी चोळू नये. आतील नाजूक ऊती आधीच दुखावलेल्या असतात. चोळण्याने त्या अधिक फाटतात. तेथील भार काढणे हाच पहिला उपचार.

शरीरक्रियाशास्त्र घ्या. आपण उभे राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाने रक्त पायांकडे ओढले जाते. मानेतील मोठ्या धमन्यांमधील आणि महाधमनीच्या कमानीतील दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंना हे तत्काळ कळते. हृदयाची गती वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा टिकून राहतो. वय वाढते तशी ही यंत्रणा मंदावते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, मधुमेहाने झालेली चेतातंतूंची हानी आणि शरीरातील पाण्याची कमतरता यांमुळे ती आणखी दुबळी होते. म्हणून पहाटे लघवीसाठी घाईने उठलेले आजोबा न्हाणीघराच्या दाराशी कोसळतात. हे प्रकरण शिकलेली परिचारिका रक्तदाब आधी आडव्या स्थितीत मोजते आणि उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजते. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ती डॉक्टरांना कळवते. घरच्यांनी एवढे करावे: उठताना आधी कुशीवर वळणे, मग खाटेच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसणे आणि त्यानंतरच आधार धरून उभे राहणे.

आता मूळ प्रश्नातील रसायनशास्त्राकडे वळू. रक्तातील सोडियमचे सर्वसाधारण प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ एकके असते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, पथ्य म्हणून मीठ जवळजवळ बंद केले आहे आणि जेवण पातळ पेजेवर आले आहे, अशा स्थितीत वृद्धांच्या रक्तातील सोडियम उतरू शकते. मग त्या व्यक्तीला ग्लानी येते, ती असंबद्ध बोलू लागते, घरच्यांना ओळखेनाशी होते. ‘वय झाले आता, चालायचेच’ असे म्हणून घर गप्प बसते. जीवरसायनशास्त्र शिकलेल्या व्यक्तीला मात्र हे ठाऊक असते, की दोन-चार दिवसांत अचानक झालेला बुद्धिभ्रम हा वार्धक्याचा भाग नसून आजाराची खूण असतो. सोडियम उतरणे, रक्तशर्करा घसरणे, मूत्रमार्गाचा संसर्ग अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात आणि त्यांतील बहुतेकांवर उपचार आहेत. अशा वेळी स्वतःच्या मनाने मीठ वाढवू नये किंवा गोळी बंद करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेही व्यक्तीला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि रक्तशर्करा ७० च्या खाली आढळली, तर शुद्ध असताना व गिळता येत असताना सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे व गरज वाटल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तातडीने रुग्णालय गाठावे.

औषधशास्त्रातील एक उदाहरण गणिताचे आहे. पॅथॉलॉजीच्या अहवालात क्रिएटिनिन १.० असले की आपण निःश्वास सोडतो. हा पदार्थ स्नायूंत तयार होतो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. वृद्धापकाळी स्नायूच घटलेले असतात, त्यामुळे क्रिएटिनिन तयारच कमी होते. मूत्रपिंडे थकलेली असली तरी अहवालातील आकडा निर्दोष दिसतो. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये यासाठी एक सूत्र मांडले. १४० मधून वय वजा करून त्याला वजनाने गुणायचे, ७२ आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागायचे आणि स्त्री असल्यास उत्तराला ०.८५ ने गुणायचे. तीस वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषात क्रिएटिनिन १.० असताना उत्तर मिनिटाला सुमारे १०७ मिलिलिटर येते. ऐंशी वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींमध्ये तेच १.० असताना उत्तर अवघे ३२ येते. आकडा एकच, पण मूत्रपिंडांची क्षमता तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! गुडघेदुखीसाठी शेजाऱ्यांनी सुचवलेली वेदनाशामक गोळी दुकानातून परस्पर आणून आजींना देणे का धोक्याचे, ते या भागाकारात दिसते.

गोळ्या कुटण्याचेही तसेच. ज्या गोळीच्या नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सएल’ अशी अक्षरे असतात, तिच्यातील औषध अनेक तास हळूहळू सुटावे अशी तिची घडण असते. ती कुटली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात भिनते. गिळण्यास त्रास होत असेल तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला तसे सांगावे. पुष्कळदा पातळ औषधाचा पर्याय निघतो.

सूक्ष्मजीवशास्त्राचा धडा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुण्याचा नियम केला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आज घरोघरी लघवीची नळी लावलेले रुग्ण असतात. त्यांची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. नळीला पीळ पडू नये. पिशवी रिकामी करण्यापूर्वी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. रुग्णाला चाकाच्या खुर्चीत बसवताना पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली, तर साठलेली लघवी उलट दिशेने जाते आणि तिच्याबरोबर जंतूही.

परिचर्या ही शिकण्याची विद्या आहे, हे समाजाने सहज मान्य केले नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांसाठी विद्यालय निघाले. हातात दिवा घेतलेली त्यांची प्रतिमा आपल्या परिचयाची आहे; परंतु संख्याशास्त्रातील कामासाठी त्यांना १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेचे सदस्यत्व मिळाले होते आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या, हे फारसे ठाऊक नसते. आपल्याकडे पुण्याच्या सेवासदनाने, १९०९ मध्ये कार्य सुरू केल्यानंतर, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, या शिक्षणाची वाट दाखवली. परक्या माणसाची शुश्रूषा करणे हे त्या काळी कुलीन स्त्रीला कमीपणाचे मानले जाई. तो संकोच आज ओसरला आहे. मात्र ‘यात शिकायचे काय?’ हा समज अद्याप पुरता गेलेला नाही.

या समजाचा फटका घराला बसतो तो मदतनीस निवडताना. ब्युरोतून बारा तासांच्या पाळीवर येणाऱ्या प्रत्येक ताईंना आपण सरसकट ‘सिस्टर’ म्हणतो. प्रत्यक्षात ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि हे पूर्ण करणाऱ्यांची परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात अविश्वास नाही; शिकलेली परिचारिका तो अभिमानाने सांगते. घरी येणाऱ्या मदतनीस ताईंचे प्रशिक्षण मात्र काही महिन्यांचे असू शकते, कधी मुळीच नसते. त्यांच्या कष्टांचे मोल त्याने कमी होत नाही. परंतु इंजेक्शन देणे, नाकातून नळी घालणे, लघवीची नळी बदलणे ही कामे त्यांना सांगणे हा रुग्णावर आणि त्यांच्यावरही अन्याय आहे. त्यांना जे सांगाल ते कारणासह सांगा. ‘दर दोन तासांनी कूस बदला’ ही नुसती आज्ञा रात्री तीन वाजता झोपेपुढे हरते. कातडीखालचे रक्त थांबते म्हणून कूस बदलायची, हे एकदा समजले की ती ध्यानात राहते. खाटेजवळ एक वही ठेवावी आणि पाणी, लघवी, रक्तदाब, शर्करा व कातडीची स्थिती तीत वेळेसह लिहावी. पाळी बदलताना ही वहीच एकीकडून दुसरीकडे निरोप पोहोचवते.

आणि घरातच कोणी हा अभ्यास करत असेल, तर ज्येष्ठांनी स्वतःकडे प्रेक्षकाची भूमिका घेऊ नये. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या सत्रात विषयापेक्षा इंग्रजी-लॅटिन नावांचीच धास्ती अधिक असते. टिबिया म्हणजे आपली नडगी, पटेला म्हणजे गुडघ्याची वाटी, असे तुमच्या तोंडून ऐकले की ते परके नाव ओळखीचे होते. नाडी मोजण्याच्या सरावासाठी आपले मनगट पुढे करा. विश्रांत स्थितीत मिनिटाला ६० ते १०० ठोके ही सर्वसाधारण मर्यादा, आणि ठोके अनियमित लागले तर पूर्ण मिनिटभर मोजायचे, हे तिला तुमच्या हातावरच पक्के कळेल. महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात विद्यार्थिनी तपासणीसाठी आली, तर नकार देण्याचा अधिकार तुम्हाला आहे. पण प्रकृतीला झेपत असेल तर होकार द्यावा. पाठ्यपुस्तकात वृद्ध कातडीचे वर्णन असते. तिचा पातळपणा मात्र बोटांनाच कळतो, आणि ज्या बोटांना तो एकदा कळला ती पुढे पट्टी ओढून काढत नाहीत, सावकाश सोडवतात.