ढोरं बसतील, बंदूक बसणार नाही

दोस्तहो, जमिनीवर कविता लिहिणं सोपं आहे. आपल्यातल्या निम्म्यांनी लिहिल्यात. पण सातबाऱ्यावर आपलं नाव असतं आणि त्या जमिनीचं करायचं काय हा प्रश्न समोर येतो, तेव्हा क्रांतिकारकाचा दलाल व्हायला पाच मिनिटं लागतात. माझ्या घरात तेवढीच लागली. म्हणून लिहितो आहे.

कळंब तालुक्यात, यवतमाळ-नागपूर रस्त्यापासून आत, आमची साडेचार एकर बरड आहे. आज्यानं नागपूरच्या कापड गिरणीत हाडं झिजवून घेतलेली. काळी कसदार जमीन गावानं महाराला विकलीच नसती. दगडगोट्याची विकली, आणि वर उपकार केल्यासारखं तोंड केलं. बानं त्या गोट्यात तूर-ज्वारी पिकवली, रातच्या जागली केल्या, आम्हाला शिकवलं. बा गेला. मी मुंबईत, भाऊ पुण्यात. वावर पडीत.

मागल्या उन्हाळ्यात दोन माणसं मक्ता मागायला आली.

पहिला गावचा गायकी. जातीनं गोवारी. आत या म्हटलं तरी उंबऱ्यातच उभा. म्हणाला, “भाऊ, ई-क्लासवर आता चराई उरली नाही. तुमच्या वावरात ढोरं चारू द्या. पैसे थोडकेच देईन, पण ढोरं तिथंच बसवीन. खत सारं तुमचं. तीन वर्षांत बरड सुधरन.”

दुसरा मोटारीतून आला. खुर्ची ओढून बसला. गायकीच्या दहापट रक्कम बोलला. त्याला पीक नको, माती नको. कोपऱ्यात एक मचाण आणि एक खोली पाहिजे. “रोही, रानडुकरं फार माजलीत. आमची दोस्तमंडळी येतील. रात्री कोण आलं, कोण गेलं, तेवढं विचारू नका.” कागद नको म्हणाला. सगळं तोंडी.

भाऊ म्हणाला, दुसऱ्याला देऊन टाकू. रोही आपल्याच लोकांची तूर खातात, हा निदान दोन-चार मारील. आणि पैसा? पैशाला जात असते का?

असते! पैसा कुठल्या हातातून येतो आणि कुणाच्या गळ्याला फास लावून येतो, ते बघितलं की त्याची जात कळते.

आधी रोह्याचं बोलू. रोही पीक खातो, हे खोटं नाही. रात्रभर जागलीवर बसलेल्या माणसाला वन्यप्राण्यांवरचं प्रेम शिकवायला शहरातून कुणी जाऊ नये. पण १९७२च्या कायद्यानं शिकार बंद आहे. पीक खाणाऱ्या रोही-रानडुकराच्या पारधीला २०१५ साली सरकारनं वाट काढली, ती वनखात्याच्या परवान्याची. बड्या दोस्तमंडळींच्या मचाणाची नव्हे. उद्या आमच्या वावरात काडतूस सापडलं तर मोटारवाला कुठं असेल? सातबारा कुणाचा? आमचा. हातकडी कुणाला? तोंडी मक्त्यातली खरी अक्कल ही आहे.

आता शिकारीची जात बघा. फासेपारधी पिढ्यान्पिढ्या फासे लावून तितर-बटेर धरत आला. १८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायची सोय केली. ३१ ऑगस्ट १९५२ला तो शिक्का कायद्यातून पुसला, पोलीसपाटलाच्या डोक्यातून पुसला नाही. आज पारध्याच्या पालावर दोन तितर सापडले तर तो आरोपी. राजेरजवाड्यांनी मात्र वाघाच्या कातड्यावर बूट ठेवून फोटो काढले, ते दिवाणखान्यात टांगले. एकाची शिकार भुकेची म्हणून गुन्हा, दुसऱ्याची मौजेची म्हणून शौर्य.

लांब कशाला, आमच्या शेजारचा राळेगाव तालुका बघा. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसं मेली. त्यातली बरीच अवनी वाघिणीच्या नावावर लिहिली गेली. मेले कोण? शेतावर गेलेले. ढोरं चारायला गेलेले. गोरगरीब. ती मरत होती तोवर देशाला राळेगाव ठाऊक नव्हतं. मग हत्ती आले, कॅमेरे आले, वाघिणीला भुलवायला परदेशी अत्तर आलं. शोधासाठी आणलेला एक हत्ती सुटला आणि त्यानं एका बाईचा जीव घेतला. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीच्या रानात वाघीण मारली. नेमणूक होती हैदराबादच्या शिकाऱ्याची, गोळी झाडली त्याच्या मुलानं. मग शहरांतून मेणबत्त्या निघाल्या. वाघिणीसाठी निघाल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या तेरा जणांसाठी एकही का पेटली नाही, एवढंच विचारतो. आणि ते ढोरं घेऊन रानात मरायला का जातात, हे कुणीच विचारलं नाही. गावालगतची चराई गिळली कुणी?

इथं आपल्यातले शहाणे मला अडवतील. चराई म्हणजे गायरान, आणि गायरान म्हणजे आपल्याच पोटावर पाय! बरोबर आहे. दादासाहेब गायकवाडांनी १० डिसेंबर १९६४ला देशभर सत्याग्रह उठवला, लाखो माणसं तुरुंगात गेली. मागणी काय होती? पडीत जमीन भूमिहीनाला द्या. आपल्या माणसांनी गायरानं फोडली, मार खाल्ला, उभी पिकं जाळून घेतली. तेव्हा कुठं २८ नोव्हेंबर १९९१ला सरकारनं १४ एप्रिल १९९०पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नावावर करायचा निर्णय काढला. पट्ट्यासाठी तलाठ्याच्या दारात अजून चपला झिजताहेत.

जानेवारी २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून सांगितलं. त्याच निकालात भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे. सरकारी बाबूंना निकाल पाठ, अपवाद विसरले! २०२२च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि नोटिसा कुणाच्या झोपड्यांवर डकवल्या, ते सगळ्यांनी पाहिलं.

म्हणजे गाईच्या नावानं आपल्याला हाकलायचं. आणि गाईच्या मागं उन्हात फिरणाऱ्याला तरी काय मिळालं? २३ नोव्हेंबर १९९४. नागपूर. विधानभवनावर गोवारींचा मोर्चा. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची. लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं मेली. गावाची गाय सांभाळणारी माणसं रस्त्यावर ढोरासारखी तुडवली गेली, तेव्हा गोमातेचा एकही पूत बोंबलला नाही. मार्च २०१५पासून म्हाताऱ्या बैलाची कत्तलही बंद. शेतकऱ्याला तो विकता येत नाही, पोसता येत नाही. मग सुटतो आणि वावरात शिरतो. भक्त लोक घोषणा देतात, कडबा देत नाहीत. मेल्यावर ओढायला पुन्हा आपण. आणि कातडं काढलं तर २०१६चं उना.

तेव्हा नीट बघा. एकीकडं गायरानावर नांगर धरलेला आपला माणूस, दुसरीकडं गायरानावर ढोरं चारणारा गोवारी. दोघं भूमिहीन. दोघांना एकाच तुकड्यावर झुंजायला लावलंय, आणि ज्यांच्या घरात शंभर-शंभर एकर आहे ते बांधावर बसून टाळ्या पिटताहेत.

म्हणून मी भावाशी भांडलो. वावर गायकीला दिलं. अर्ध्यात ढोरं बसतील, अर्ध्यात तो ज्वारी पेरील, पुढल्या वर्षी अदलाबदल. आणि मी म्हटलं, कागद करायचा.

इथं भाऊ खरा हादरला. “येडा झाला का? कूळ लागलं म्हणजे?”

दोस्तहो, हे वाक्य मी आयुष्यभर पाटलांच्या वाड्यातून ऐकत आलो. विदर्भाचा कूळकायदा १९५८चा. त्याच्या धाकानं मालक लोक मक्ता कागदावर येऊ देत नाहीत. म्हणून राबणाऱ्याला पीकविमा नाही, नुकसानभरपाई नाही, बँकेत उभं करत नाहीत. त्यानं फास घेतला तरी सरकारी कागदात तो शेतकरी ठरत नाही. आणि आज तेच वाक्य माझ्या घरात, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या खोलीत, माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून! साडेचार एकर बरडीनं आम्ही पाटील झालो होतो.

कागद केला. मीही मनातून टरकलो होतो, खोटं कशाला बोलू? सही करताना हात अडला. त्या अडलेल्या हाताची लाज वाटली म्हणून सही झाली.

तुमच्यापैकी कितीतरी जणांची गावाकडं अशी एक-दोन एकर पडलेली आहे. दिवाळीला जाता, बांधावर फोटो काढता, परत येता. उद्या तुमच्याकडंही मोटारवाला येईल. बंदूक घेऊन येईल, नाहीतर रिसॉर्टचा नकाशा घेऊन. रक्कम मोठी असेल. तेव्हा उंबऱ्यात कोण उभं आहे तेही बघा. त्याला आत घ्या, खुर्ची द्या आणि मक्ता कागदावर लिहा. जमीन कसणाऱ्याची, ही घोषणा आपण दुसऱ्याच्या जमिनीवर पुष्कळ दिली. आता आपल्या जमिनीवर देऊन बघा. घसा कोरडा पडतो की नाही, ते मला कळवा.

जय भीम.