बेवारस कसली? मालक आहे की!

रस्त्याच्या कडेला महिनोन्‌महिने धूळ खात पडलेल्या मोटारीला लोक "बेवारस" म्हणतात. मंडळी, मला हा शब्दच मान्य नाही. जिच्या पुढे-मागे नंबराची पाटी आहे ती बेवारस कशी? नंबरावरून मालक सापडतो. शोधायची इच्छा हवी.

मोटार वाहन कायदा, १९८८ पुरेसा स्पष्ट आहे. ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी १० तास किंवा अधिक काळ सोडून दिलेली गाडी पोलीस उचलायला लावू शकतात. उचलण्याचा खर्च मालकाचा, शिवाय दंड वेगळा. १० तास! आणि आपल्या गल्लीत गाडीच्या टपावर गवत उगवतं.

"मी ती कधीच विकली" ही नेहमीची पळवाट. विकलीत, पण कागदावर नाव बदललं का? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी २००७ साली विकली गेली होती, पुढे आणखी हात बदलत गेली. २००९ साली अपघात झाला. तरी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं भरपाईची जबाबदारी नोंदणी असलेल्या पहिल्या मालकावरच टाकली. भंगारवाल्याला तोंडी देऊन टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नात्यातली मंडळीही हे वाचतात, म्हणून स्पष्टच लिहितो. वडील गेले, मुलं परदेशात, गाडी मात्र फाटकाबाहेर. मालक वारल्यावर गाडी ज्याच्याकडे येते त्यानं तीन महिन्यांत ती नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. फ्लॅटसाठी वारस धावत येतात, मग गाडीच तेवढी बेवारस?

कुणी म्हणेल, पालिकेनं उचलावी. उचलावीच! पण खर्च मालकाकडून वसूल झाला नाही, तर तो तुमच्या-माझ्या करातून जातो. ज्यानं कधी सायकलही घेतली नाही, त्यानं दुसऱ्याच्या मोटारीचं भाडं का भरावं? तिच्याखाली झाडू पोचत नाही, पावसाचं पाणी साचून डास होतात, अरुंद गल्लीत रुग्णवाहिका अडते. हा भुर्दंड आधीच शेजारी भरतात.

२०२१ पासून अधिकृत मोडीत केंद्रांचे नियम आहेत. तिथं गाडी द्या, प्रमाणपत्र घ्या, नोंदणी रद्द करा. जमत नसेल तर विका, पण नाव बदलून. गाडी घेताना पेढे वाटलेत ना? मग तिचा शेवटही तुम्हीच करा.